शपथ मोडली म्हणून विहाराचे दार बंद करू नका



पाचवे शील आपण दर वंदनेला म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरी आपल्या वस्त्यांत दारू आहे. ज्याची ती सुटत नाही, त्याला आपण एकच सांगतो, 'शपथ घे.' माझे म्हणणे, एवढे पुरत नाही.

नर्सिंगचा डिप्लोमा करून मी बरीच वर्षे वॉर्डात काम केले. एका रात्री चाळिशीतला माणूस झटके येत असताना दाखल झाला. वर्षानुवर्षे रोज पिणारा. दोन दिवसांपूर्वी सगळ्यांसमोर शपथ घेऊन त्याने दारू एकदम तोडली होती. हात थरथरत होते, भिंतीवर किडे दिसत होते. बायको सारखी म्हणत होती, "सिस्टर, शपथ नाही मोडली हो त्यांनी." तो वाचला. घरी जाताना मी त्याला खडसावले, "दादा, आता तरी सुधरा." पुढे कुठे जायचे, कुणाशी बोलायचे, ते सांगितले नाही, कारण मलाच माहीत नव्हते. काही महिन्यांनी तो पुन्हा प्यायला लागला आणि लाजेने विहारात यायचा बंद झाला. ती चूक माझीही होती.

म्हणून आधी आरोग्याची गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू तोडू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत खूप थरथर, घाम, झटके, भास झाले तर थेट रुग्णालय गाठा. यात जीव जाऊ शकतो. औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व वेळेवर मिळाले तर हे दिवस निभावतात.

खरी लढाई त्यानंतरची. आपल्या जिल्ह्याने राळेगणसिद्धीची दारूबंदी पाहिली आणि २०१७ मध्ये पांगरमलला विषारी दारूने गेलेले जीवही पाहिले. दुकान बंद झाले तरी पिणाऱ्याची ओढ बंद होत नाही. ती सांभाळायला त्याच वाटेने गेलेली माणसे लागतात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे 'एए', १९३५ मध्ये अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, अशा दोन दारुड्यांनी एकमेकांना सांभाळत सुरू केले. भारतात ते १९५७ पासून आहे. फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. तिथे नुसत्या नावाने ओळख देतात. आडनावावरून माणूस जोखणाऱ्या आपल्या भागात ही लहान गोष्ट नाही.

आपले लोक अडतात ते देवाच्या नावावर. 'एए'च्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, बऱ्याच मीटिंगमध्ये प्रार्थनाही होते. एका तरुणाने मला विचारले, "ताई, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तिथे बसायचे कसे?" मी म्हणाले, प्रार्थनेच्या वेळी गप्प बस, अनुभव मात्र कान देऊन ऐक. पायऱ्यांतच 'ज्याला जसा समजेल तसा' अशी मोकळीक आहे. कुणी समूहालाच आपला आधार मानतो. आपण संघाला शरण जातो, त्यात आणि यात मला फार अंतर वाटत नाही. कुणी देव मानायची सक्ती केली, तर दुसरा गट शोधावा. दारू जवळ करू नये.

एका मीटिंगवरून निकाल देऊ नका. निदान पाच-सहा वेळा, जमल्यास वेगवेगळ्या गटांत जाऊन पाहा. आपल्या बोलीत बोलता येते का? मजुरी बुडवल्याशिवाय, शेवटची एसटी न चुकवता पोचता येते का? पुन्हा प्यालेल्याला हाकलतात की खुर्ची देतात? ऐकलेले बाहेर फुटत नाही ना? एवढे जमले तर तो गट तुमचा. बाईला दारू सोडायची असेल तर ती पुरुषांच्या घोळक्यात मोकळी होईल का, हेही पाहावे लागते. घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या वेगळ्या मीटिंग असतात. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्येही उपचारांइतकेच नंतरच्या पाठपुराव्याला महत्त्व आहे. कुठे जावे कळत नसेल तर १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा.

आता विहार समित्यांना विनंती. आठवड्यातून एक संध्याकाळ विहारातली खोली अशा गटाला द्या. 'एए' बाहेरची देणगी घेत नाही, स्वतःचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून भागवते, म्हणून नाममात्र भाडे घ्या. समितीच्या लोकांनी दारात उभे राहून कोण आले ते मोजू नये, आत जाऊन भाषणही देऊ नये. बाहेरच्या गटाचा देव नको वाटत असेल, तर पंचशील आणि आनापानसतीच्या आधाराने आपला गट उभा करा. पण तो चालवणारा स्वतः दारू सोडलेला असावा, उपदेशक नको.

शील ही शिक्षा नाही, ते रोज नव्याने उचलायचे पाऊल आहे. पडलेला माणूस पुन्हा चालू लागेल, पण त्याला बसायला जागा आपणच द्यायला हवी.

जयभीम! नमो बुद्धाय!