संगणकाशी दोस्ती : डबा गेला, कोनाडा उरला

मुलांनो, भिंगारला माझी थोरली बहीण राहते. तिच्या अंगणातून सायकल काढली की थोड्याच वेळात नगरच्या भुईकोट किल्ल्याशी पोचता येतं. ही गोष्ट 2013 सालच्या उन्हाळ्यातली आहे. एका दुपारी भाच्याचा फोन आला. "मामा, संगणक टक टक आवाज करतोय आणि सुरूच होत नाहीये. पण काळजी नको, बॅकअप आहे!"

बॅकअप म्हणजे जादा प्रत. त्या संगणकात शाळेचे प्रकल्प होते, गाणी होती, आणि आजोबांच्या आवाजातल्या 23 फायली होत्या. आजोबा सैन्यातून निवृत्त झालेले. रात्री जेवणं झाली की ते गोष्टी सांगायचे आणि भाचा त्या मोबाइलवर टिपून घ्यायचा. त्याच्या आदल्याच दिवाळीनंतर आजोबा गेले. ताई फोनवर काहीच बोलली नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरली.

संगणक जुना असल्यानं भाच्यानं त्यावर लिनक्स चढवलं होतं. लिनक्सला पैसे पडत नाहीत आणि जुन्या यंत्रावरही ते बरं चालतं. रोज रात्री नऊ वाजता फायली पेनड्राइव्हवर उतरवायचं कामही त्यानं लावून दिलं होतं. अशी ठरल्या वेळची कामं करणाऱ्या राखणदाराला 'क्रॉन' म्हणतात. सातवीतल्या मुलाच्या मानानं हे छानच होतं. पण पेनड्राइव्ह लावून पाहिला, तर आत नुसती सिनेमाची गाणी!

झालं काय, ते नीट पाहा. आपल्या ओळखीच्या विंडोजमध्ये पेनड्राइव्ह लावला की त्याला वेगळं अक्षर मिळतं. युनिक्सच्या घराण्यात तसं नसतं. तिथे पेनड्राइव्ह एखाद्या फोल्डरमध्ये 'बसवतात'. भिंतीत कोनाडा असतो आणि त्यात आपण लाडवाचा डबा ठेवतो, तसंच. डबा उचलला तरी कोनाडा तिथेच राहतो. एका मित्राला गाणी हवी होती म्हणून भाच्यानं पेनड्राइव्ह काढला, पुसला आणि देऊन टाकला. परत आल्यावर तो पुन्हा बसवायचं राहून गेलं. क्रॉन मात्र इमानदार! तो रोज रात्री नऊला लाडू आणून रिकाम्या कोनाड्यात ठेवत राहिला. कोनाडा म्हणजे त्याच भिंतीचा, त्याच हार्ड डिस्कचा भाग. चूक झाल्याचा एक शब्दही पडद्यावर आला नाही, कारण संगणकाच्या लेखी चूक झालीच नव्हती. शेवटी भिंतच पडली, आणि लाडू तिच्याबरोबर गेले.

डी आणि एफ ही दोन अक्षरं टाइप करून एंटर दाबलं असतं, तर कोणता फोल्डर कोणत्या डिस्कवर आहे ते लगेच दिसलं असतं. भाच्याचा चेहरा इतका उतरला होता की मी हे त्याला त्या दिवशी सांगितलं नाही.

युनिक्सच्या या सवयीनं भल्याभल्यांना चकवलं आहे. तिथे हार्ड डिस्क, मोडेम अशी यंत्रंसुद्धा फाइलसारखीच दिसतात. लिनक्सचा जनक लायनस टोरवाल्ड्स हेलसिंकीला शिकत असताना, 1991 साली, त्याला मोडेमवरून विद्यापीठाचा संगणक लावायचा होता. त्यानं चुकून मोडेमच्या जागी हार्ड डिस्कचं नाव दिलं, आणि फोन लावायच्या आज्ञा थेट डिस्कवर लिहिल्या गेल्या! त्याची मिनिक्स प्रणाली त्यात खराब झाली. ती पुन्हा चढवण्याऐवजी तो स्वतःच्याच नव्या प्रणालीवर राहिला.

आता भिंगारची डिस्क. पहिलं काम केलं ते संगणक बंद करण्याचं. टक टक करणारी डिस्क पुन्हा पुन्हा सुरू केली की आणखी बिघडते. मी पेनड्राइव्हवर लिनक्स नेलं होतं, पण त्यावरून संगणक सुरू होईना. माझी प्रत 64 बिटची आणि तिथला प्रोसेसर 32 बिटचा. चूक माझीच, निघताना विचारायला हवं होतं. मग डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडायचं ठरलं, तर तिची केबल पट्टीसारखी रुंद, चाळीस छिद्रांची. नव्या यंत्रांत तशी जागाच नसते. नगरच्या बाजारातून एक जोडणी आणली, तरी डिस्क दिसेना. एका दुकानदारानं "डिस्क मेली" म्हणून सांगूनही टाकलं. पण डिस्कच्या पाठीवर एक चिमुकली टोपी असते, जम्पर म्हणतात तिला. ती 'स्लेव्ह'च्या जागी होती. चिमट्यानं 'मास्टर'च्या जागी बसवली आणि लॅपटॉपनं डिस्क ओळखली. भाच्यानं मारलेली किंकाळी शेजारच्या आळीत ऐकू गेली असेल.

पुढचं काम डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट प्रोग्रामनं केलं. तो आधी डिस्कचा सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि रुसलेले कोपरे शेवटी धरतो. कुठवर आलो याची नोंदही ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. आणि वीज गेलीच, दोनदा!

1998 साली पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी 2' सिनेमाच्या फायली एका आज्ञेनं पुसल्या गेल्या, तेव्हा त्यांचाही बॅकअप कुचकामी निघाला. तो चालतोय का, हे कुणी तपासलंच नव्हतं. गॅलिन सुसमन या तिथल्या बाईंचं बाळ लहान होतं, त्यामुळे त्या घरून काम करत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटात गुंडाळून मोटारीतून कचेरीत नेला.

भाच्यानं आता पेनड्राइव्हवर 'डबा' नावाची एक रिकामी फाइल ठेवली आहे. ती दिसली तरच क्रॉननं प्रत करायची, नाही तर पडद्यावर बोंब मारायची. शिवाय महिन्यातून एकदा तो त्यातली कुठलीही एक फाइल ताईच्या संगणकावर उघडून पाहतो.

आजोबांच्या 23 फायलींपैकी 19 सबंध मिळाल्या. तीन गेल्या. एक अर्धी आहे. तिच्यात आजोबा बर्फातल्या चौकीची गोष्ट सांगतात, चहा मागतात, आणि कपबशीचा आवाज येतो तिथेच ती थांबते.