*यंत्र आपलं, पण त्याचा कागद कुठंय?*



आज फवारणीचा सल्ला नाही, तो उद्या सकाळी येईल. आज थोडं मनातलं लिहितेय.

ऐन तुरीच्या हंगामात आपल्या ग्रेडिंग मशीनची मोटार जळाली, ते तुम्हाला आठवत असेल. मोटार वॉरंटीत होती. विक्रेत्यानं दोनच गोष्टी मागितल्या: बिलाची प्रत आणि मोटारीचा सिरियल नंबर. आपल्या मालमत्ता रजिस्टरमध्ये नोंद होती, "ग्रेडिंग मशीन, नग १" आणि रक्कम. बस्स. मोटारीवरची नंबरपट्टी रंगात बुजलेली. बिलाचा फोटो माझ्याच जुन्या मोबाईलमध्ये होता, तो मोबाईल बिघडला आणि फोटोही गेला. ही चूक माझी, आधीच कबूल करते. मूळ बिल अनुदानाच्या फाईलसाठी एका संचालकांनी घरी नेलेलं, ते बाराव्या दिवशी सापडलं. तोवर माल थांबेना म्हणून मोटार गावातच खोलून भरून घेतली. खोललेली मोटार वॉरंटीत बसत नाही. खर्च कंपनीचा, म्हणजे तुमचाच. आणि त्या दिवसांत ज्यांनी तूर न चाळता विकली, त्यांना भाव कमी मिळाला तो वेगळाच.

माझं मत स्पष्ट आहे. कागदाशिवाय रजिस्टरमधली नोंद अर्धीच. सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफार क्रमांक असतो ना? नाव कशावरून लागलं ते त्यावरून शोधता येतं. तसंच रजिस्टरमध्ये प्रत्येक वस्तूपुढं फाईल क्रमांक हवा. तोच क्रमांक यंत्रावर ऑइलपेंटनं आणि तोच प्लास्टिक फोल्डरवर. फोल्डरमध्ये बिल, चलन, वॉरंटी कार्ड, नंबरपट्टीचा फोटो, विमा पॉलिसी, अनुदानाचं मंजुरी पत्र. दुरुस्तीची बिलंसुद्धा, कारण यंत्र विकायला काढलं की घेणारा तीच विचारतो. छोट्या प्रिंटरवरच्या चकचकीत पावत्या उन्हाशिवायही पुसट होतात, त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढायची.

इलेक्ट्रॉनिक काट्याचं तर दरवर्षी वैधमापनचं पासिंग लागतं. ते प्रमाणपत्र काट्याच्या फोल्डरमध्येच पाहिजे, कुणाच्या खिशात नाही.

"सीए बघतो की सगळं," असं काही जण म्हणतात. सीए आपण देऊ तेच बघतो, तेही वर्षाअखेर. मोटार जानेवारीत जळते. शिवाय कंपनी कायद्यानं हिशेबाच्या वह्या आणि त्यांची व्हाउचरं किमान 8 आर्थिक वर्षं जपायची असतात, ती जबाबदारी कंपनीची आहे. यंत्राचं बिल तर मी म्हणेन यंत्र असेपर्यंत ठेवावं, आणि भंगारात दिलं तर तो ठराव अन् पावतीही त्यातच.

फाईल कुणाच्या घरी जाता कामा नये, मग तो संचालक असो की मी. न्यायचीच तर झेरॉक्स न्या.

वार्षिक सभेत तुम्ही भावाबद्दल विचारता, ते बरोबरच आहे. पण यावेळी एखादं यंत्र दाखवून "याची फाईल आणा" असंही म्हणा. राग येणार नाही कुणाला. आला तरी चालेल.

आणि हो, ज्या काका-दादांकडे कंपनीचा एखादा कागद घरी असेल, त्यांनी शनिवारी 10 ते 2 मध्ये ऑफिसात आणून द्या. फोटो पाठवू नका, मूळ कागदच आणा. मी बसून फोल्डर लावणार आहे, चहा माझ्याकडून.

– तुमची कृषी सल्लागार