लाखापलीकडची गाडी

ज्यांच्या गाडीने दीड लाख किलोमीटर ओलांडले आहेत, त्या वाचकांनी घाटवाटेला लागण्यापूर्वी ब्रेक ऑइलची चौकशी अवश्य करावी. इंजिन ऑइल सारेच वेळेवर बदलतात; याचे स्मरण मात्र क्वचितच कोणास राहते. ते हवेतील ओलावा शोषून घेते व त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल अकस्मात पोकळ लागते. गेल्या वैशाखात माळशेज उतरताना हा अनुभव आला. मागच्या आसनावर मातोश्री व मुले होती. खालच्या गिअरच्या आधाराने गाडी कडेला घेतली. थंडावल्यावर पेडल पूर्ववत झाले, हे तर अधिकच फसवे! ते तेल पाच वर्षे बदललेच नव्हते. गाडी कमी फिरली तरी साधारणतः दोन वर्षांनी ते बदलावे.

टायमिंग बेल्ट असल्यास पुस्तिकेतील मुदत पाळावी. तो तुटल्यास अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी कडेवरचे चार आकडे वाचावेत : २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. आमचे टायर त्याहून जुने निघाले.