विश्लेषण : लोणारचे पर्यटक केंद्र विवराच्या काठावर का नको?

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि नागपूरकरांसाठी लोणार एकदम जवळ आले. हुडकेश्वर, बेसा किंवा मनीषनगरमधून सकाळी निघालेले कुटुंब शिवमडक्याला महामार्गावर चढते, मेहकरला उतरते आणि दुपारच्या आत विवराच्या काठावर पोचते. अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. रात्री जेवायला घरी परत. पूर्वी अजिंठा-वेरूळच्या सहलीत वेळ उरला तर पाहायचे, असे हे ठिकाण होते. आता ती एका दिवसाची स्वतंत्र सहल झाली आहे.

या पाहुण्यांना पार्किंग लागते, स्वच्छतागृह लागते, उन्हात सावली लागते आणि समोर दिसते ते काय आहे हे सांगणारे कोणीतरी लागते. म्हणजेच पर्यटक केंद्र लागते. लोणारच्या जतन आणि विकासासाठी सुमारे ३७० कोटी रुपयांच्या आराखड्याला राज्य सरकारने २०२२ मध्ये मंजुरी दिली. पैशांपेक्षा अवघड प्रश्न जागेचा आहे.

लोणार नेमके काय आहे?

दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेला. त्याचाच काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. नागपूर या लाव्ह्याच्या पूर्व कडेवर आहे; सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, तीही याच दगडाची. लोणारला या लाव्ह्याच्या थरांवर बाहेरून आलेला दगड आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. हे ज्वालामुखीचेच मुख असावे, असे दीर्घकाळ मानले जात होते. आघाताचे ठोस पुरावे मांडणारे संशोधन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. आघात कधी झाला यावर मात्र अजून एकमत नाही. एका पद्धतीने वय सुमारे ५० हजार वर्षे येते, दुसरीने साडेपाच लाखांच्या पुढे.

बेसॉल्टमध्ये पडलेली आणि इतकी चांगली टिकलेली विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच. म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांनाही लोणारचा दगड हवा असतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये या ठिकाणाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला, २००० मध्ये ते अभयारण्य झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर पाणथळ.

काठावर बांधले तर बिघडते काय?

पहिले उत्तर सोपे आहे : दृश्य बिघडते. समोरच्या काठावर उभ्या माणसाला इमारतच दिसत राहते. पण खरे नुकसान जमिनीखाली होते. आघाताच्या वेळी खड्ड्यातून उडालेला दगड-मातीचा मलबा काठाबाहेर एक किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत पसरला. वितळलेल्या दगडाचे कण आणि आघाताने बदललेली खनिजे याच मलब्यात सापडतात. पाया खणणे, मुरूम काढणे, रस्ता सपाट करणे यातले प्रत्येक काम हा पुरावा उकरून फेकते. संग्रहालय बांधताना संग्रहातली वस्तूच फोडावी, तसला हा प्रकार.

लोणार गावही बव्हंशी याच मलब्यावर वसले आहे. तिथली जमीन आधीच बांधली गेलेली आहे. म्हणून नवे केंद्र मोकळ्या काठावर नेण्याऐवजी गावातच, जुन्या इमारतीत किंवा जुन्या बांधकामाच्या जागी करण्यात शहाणपण आहे. गावात आले की दैत्यसूदन मंदिरही वाटेवर येते, चहा-नाश्त्याचे चार पैसे गावातच राहतात आणि काठापर्यंत पायी किंवा छोट्या बसने जाता येते.

इतर देशांनी काय केले?

उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवे हे बेसॉल्टच्या षटकोनी खांबांचे किनारी ठिकाण. वय साधारण सहा कोटी वर्षे, म्हणजे आपल्या लाव्ह्याहून थोडेच कमी. तिथले जुने केंद्र २००० मध्ये जळाले आणि नवे २०१२ मध्ये उघडले. ते जमिनीच्या उतारात दडवलेले आहे. छतावर गवत, बाहेरच्या बाजूला तिथल्याच बेसॉल्टचे खांब. प्रत्यक्ष दगडांपासून ते सुमारे एक किलोमीटर दूर आहे.

पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर कापेलिन्युश ज्वालामुखीचा १९५७-५८ मध्ये उद्रेक झाला. २००८ मध्ये तिथे केंद्र झाले ते जमिनीखाली. वर राखेचा माळ आणि अर्धवट गाडलेले दीपगृह तसेच दिसत राहते.

हे नमुने लोणारला चालतील का?

जसेच्या तसे नाहीत. आयर्लंडमध्ये वर्षभर पाऊस पडतो. बुलडाण्यात आठ महिने कोरडे जातात. गवताचे छत हिरवे ठेवायला उन्हाळ्यात टँकर लावावा लागेल. जमिनीखालचे केंद्रही इथे उलटे पडते, कारण खणायचे तर तोच मलबा. शिवाय विवराच्या भिंतीतून झरे वाहतात. गोमुखाची धार त्यातलीच. पावसाळ्यात जमिनीखालच्या दालनात पाणी आले तर ते पंपाने उपसत बसावे लागेल.

काळ्या दगडाचेही तसेच. नुसता पातळ काळा दगड भिंतीला चिकटवला की इमारत ‘स्थानिक’ दिसते, पण मे महिन्यात तापते. जुन्या दगडी मंदिरांत गारवा असतो तो भिंतीच्या जाडीमुळे आणि लहान दारांमुळे. या भागातली धाब्याची घरेही जाड मातीच्या छतामुळे दुपारी थंड राहतात. एकमजली, जाड भिंतींचे, खोल ओसरी असलेले बांधकाम इथल्या उन्हाला मानवते आणि लांबून नजरेतही भरत नाही. त्यासाठी परदेशी वास्तुरचनाकार लागत नाही.

सांडपाण्याचा प्रश्न

इमारत कितीही देखणी असली तरी तिचे सांडपाणी उताराकडेच जाते आणि काठाच्या आत सगळा उतार सरोवराकडे आहे. पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी. त्यात जगणारे सूक्ष्मजीव इतरत्र सहसा आढळत नाहीत. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खाऱ्या पाण्यातील अशाच सूक्ष्मजीवांत शोधले. साबण, मैला आणि गोड्या पाण्याची भर पडत गेली तर पाण्याचा हा गुणच बदलतो. लोणार गावाचे सांडपाणी सरोवरात जाऊ नये, हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर वर्षानुवर्षे चाललेल्या प्रकरणातला एक मुख्य मुद्दा आहे. गावाची ही व्यवस्था पुरी होण्याआधी पर्यटकांसाठी नवी स्वच्छतागृहे काठावर उभी करणे म्हणजे त्याच दुखण्यात भर. गावातल्या केंद्राला किमान गावाच्या मलवाहिनीला जोडता येते.

अजिंठ्याने काय शिकवले?

अजिंठा लेण्याही याच लाव्ह्यात कोरलेल्या आहेत. खासगी गाड्या फर्दापूरला, लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटरवर थांबवायच्या आणि पुढे बसने जायचे, ही तिथली व्यवस्था आजही उपयोगी आहे. जपानच्या कर्जसाह्यातून तिथे मोठे पर्यटक केंद्र झाले. लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ यांच्या प्रतिकृती त्यात केल्या. जागेची निवड योग्यच होती. तरीही २०१८ च्या सुमारास वीज आणि पाण्याची बिले थकल्याने केंद्राला टाळे लागले. मोठी वातानुकूलित दालने बांधायला एकदाच पैसे लागतात. चालवायला दर महिन्याला लागतात, आणि त्याची तरतूद आराखड्यात क्वचितच दिसते.

‘शाश्वत’ हा शब्द लोणारला लावायचा तर तो आधी वीजबिलाला लावावा लागेल. पंख्यावर भागणारी इमारत, छतावर सौर पॅनेल, गावातल्याच तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन नेमलेले मार्गदर्शक आणि तिकिटातून ठरलेला वाटा थेट देखभालीला. हे चित्र उद्घाटनाच्या फोटोत फारसे उठून दिसत नाही, हीच अडचण असावी.

पुढे पाचगणी

हाच प्रश्न लवकरच साताऱ्यातही येणार आहे. पाचगणी आणि महाबळेश्वर येथील दख्खनच्या लाव्ह्याचे पठार सप्टेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत आले. नामांकन पुढे न्यायचे तर पर्यटकांची गर्दी, वाहने आणि बांधकाम कसे हाताळणार, याचा व्यवस्थापन आराखडा द्यावा लागतो. हा भाग २००१ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. पाचगणीच्या टेबललँडवर घोडागाड्या आणि खाद्यपदार्थांच्या टपऱ्या आधीच आहेत; वारशाचा शिक्का बसला की तिथेही मोठ्या केंद्राची मागणी होईल, आणि पठाराच्या माथ्यावर दृश्य सर्वांत छान दिसते म्हणून पहिली जागा तीच सुचवली जाईल.