‘ऑलरेडी’च्या आधीचे शब्द

ठाण्यात कापूरबावडीला कोलशेतच्या शेअर रिक्षात डोकावलं की उत्तर येतं, ‘ऑलरेडी तिघं आहेत.’ सोसायटीच्या गेटवर वॉचमन सांगतो, ‘पार्सल ऑलरेडी वर गेलं.’ शाळेच्या बसमधून उतरलेलं पोर म्हणतं, ‘आई, मी ऑलरेडी डबा खाल्लाय.’ कोलशेत या खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांच्या गावात आधी सँडोझसारखे रासायनिक कारखाने आले, आता टॉवर आलेत. नाना प्रांतांची माणसं एका लिफ्टमध्ये भेटतात, तेव्हा सगळ्यांना कळणारा शब्द तोंडात बसणारच. शब्द बाहेरून येण्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. ‘फक्त’ अरबीतून आला, ‘जलद’ फारसीतून. आज त्यांना परके कोण म्हणेल? पण ‘फक्त’ आला तरी ‘केवळ’ टिकला. ‘ऑलरेडी’ मात्र एकट्याने चार-पाच शब्दांची जागा घेतोय, आणि मला काळजी आहे ती त्यांची.

इंग्रजीत हा शब्द ‘ऑल’ आणि ‘रेडी’ जोडून झाला. मूळ अर्थ पूर्ण तयार. पुढे तो ‘अपेक्षेच्या आत घडून गेलेलं’ या अर्थावर स्थिरावला. मराठीत हे काम बरेचदा क्रियापदच करतं. ‘डबा खाल्लाय’ म्हटलं की खाणं उरकल्याचं कळतं. आणखी ठसवायचं असेल तर ‘केव्हाच खाल्ला’. यात नुसतं उरकणं नाही, उरकून बराच वेळ झालाय. ‘एव्हाना’ अंदाजाचा: गाडी एव्हाना कळव्याला पोचली असेल. ‘आधीच’मध्ये कुरकुर आहे, आणि तो पुढच्या ‘त्यात’ची वाट बघतो: आधीच उशीर, त्यात घोडबंदरला ट्रॅफिक. ‘आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास’ ही म्हण ‘ऑलरेडी’ घालून म्हणून बघा, उभीच राहत नाही.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो ‘एवढ्यात’. पाहुणे उठले की इंग्रजीत ‘ऑलरेडी’नेच आश्चर्य दाखवतात. आपण विचारतो, ‘एवढ्यात निघालात?’ त्या प्रश्नात आणखी थोडं बसा, चहा घ्या, हे सगळं आलंच. ‘ऑलरेडी निघालात?’ या प्रश्नात तो आग्रह मला ऐकू येत नाही.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासून क्रियाविशेषणं आपण शाळेत शिकतो. पण कोणता शब्द कुठे शोभतो, हे पोरांना घरातल्या बोलण्यातूनच कळतं. ऑफिसात, लिफ्टमध्ये ‘ऑलरेडी’ खुशाल म्हणा. घरात मुलांशी बोलताना मात्र ‘केव्हाच’, ‘एव्हाना’, ‘आधीच’, ‘एवढ्यात’ आवर्जून वापरा. त्यांच्या कानावर हे शब्द आपण घातले नाहीत, तर दुसरं कुणी घालणार नाही.