साडेनऊला येणारा माणूस

अलिबागेतल्या कचेऱ्यांत विजेच्या बिलाचा विषय काढला की दोन उत्तरं ठरलेली. एक, "फाइव्ह स्टार एसी बसवा, गच्चीवर सोलर टाका, झालं." दुसरं, "इथली हवा खारी, दमट. एसी 18 वर ठेवल्याशिवाय भागतच नाही."

आधी दुसऱ्याचं. 18 हा आकडा वेगाचा नाही, मुक्कामाचा आहे. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीवर तो लावल्याने खोली लवकर गार होत नाही; कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, एवढंच. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एसी एक अंश वर ठेवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते. दमटपणाचं म्हणाल तर एसी बाष्प काढतोच. पण दार सताड उघडं ठेवून त्याच्याकडून अख्खा समुद्रवारा कोरडा करून घ्यायचा, हा कुठला न्याय?

आता यंत्रवाले. यंत्राचं, इमारतीचं महत्त्व मला मान्य आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि नोंदी बिघडणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेसाठी अलिबागेत 1904 साली नवी वास्तू उभी राहिली (विजेपासून पळायला निवडलेलं हे गाव!), तेव्हा दगडसुद्धा चुंबकीय गुण नसलेला, पारखून घेतला. पण दगड नोंदी ठेवत नाही, त्याला रोज माणूस लागतो. 1 जानेवारी 2020 पासून नवे तारांकित एसी 24 वरच सुरू होतात. रिमोटवर बोट पडायला कितीसा वेळ?

मग कर्मचारी बेपर्वा? तेही खोटं. बिल लेखाशाखेत, रिमोट साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आणि हॉलमधल्या सहा पंख्यांना मिळून एक बटण. उशिरा एकटं बसणाऱ्याने करायचं काय?

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य शासनाने पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हा वीजबचत हेही कारण सांगितलं होतं. कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा, शिपायांची मात्र साडेनऊ ते साडेसहा. पहिलं आणि शेवटचं बटण कुणाच्या हाती, हे शासनानेच लिहून ठेवलंय. मग त्या शिपायाला दरमहा बिल दाखवा. कुठल्या बटणावर कुठला दिवा, हे बोर्डावर त्याच्याकडूनच लिहून घ्या. फिल्टर धुण्याचा वार त्यालाच ठरवू द्या. आणि साहेब मीटिंगला गेले की केबिनचा एसी बंद करण्याचा अधिकार त्याला लेखी द्या. इथवर सगळे माना डोलावतात. "लेखी" म्हटलं की चहा मागवला जातो. कारण आज त्याने एसी बंद केला आणि साहेब लवकर परतले, तर बोलणी त्यालाच बसतात.