विश्लेषण : भागाकारातली ‘बाकी’ मुलांना का अडते? उत्तर तुराट्यांत आणि चिंचोक्यांत

हिंगोली जिल्हा हळदीचा. २३० किलो हळद ५० किलोच्या कट्ट्यांत भरली, तर चार कट्टे भरतात आणि ३० किलो उरते. घरी कट्टे भरताना पाहणाऱ्या वसमत किंवा कळमनुरीकडच्या मुलाला हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. पण तेच गणित वहीत मांडले की अनेक मुले अडखळतात. वाटणी त्यांना कळते, मांडणी कळत नाही. या दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे हाताळता येणाऱ्या वस्तू, आणि तोच वर्गातून लवकर नाहीसा होतो.

अडचण किती मोठी?

‘असर’ सर्वेक्षणाच्या गणित चाचणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे ही सर्वांत वरची पायरी आहे. २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील ३०.७ टक्के, तर आठवीतील ४५.८ टक्के मुलांनाच ती जमली. अपूर्णांक, टक्केवारी, गुणोत्तर, व्याज हे सारे भागाकारावर उभे आहे. त्यामुळे इथे अडलेले मूल पुढे प्रत्येक पाठात अडते.

भागाकारच का अडतो?

बेरीज, वजाबाकी, गुणाकार उजवीकडून सुरू होतात, भागाकार डावीकडून. एकाच उदाहरणात अंदाज, पाढा आणि वजाबाकी लागते. शिवाय त्याचे अर्थ दोन. १७ चिंचोके पाच जणांत वाटले तर प्रत्येकाला तीन मिळतात, दोन उरतात. तेच चिंचोके पाच-पाचच्या गटांत मांडले तर तीन गट होतात, दोन उरतात. उत्तर सारखे, पण पहिल्यात तीन चिंचोके, दुसऱ्यात तीन गट. त्यात ‘बाकी’ हा शब्दही फसवा. दुकानदाराच्या वहीत बाकी म्हणजे देणे, इथे बाकी म्हणजे पूर्ण वाटा न झालेला शेष.

साहित्याने काय उलगडते?

तुराटीचे बोटभर तुकडे करून दहा-दहाचे गठ्ठे बांधा. ७४ म्हणजे सात गठ्ठे, चार सुट्ट्या. तिघांना दोन-दोन गठ्ठे दिले, एक उरला. तो सोडला की दहा आणि चार मिळून १४ सुट्ट्या. प्रत्येकाला चार, उरल्या दोन. भागाकार २४, बाकी २. ‘वरचा अंक खाली घ्या’ या सूचनेमागे हे गठ्ठा सोडणे आहे, हे मुलाला तेव्हा दिसते.

६१८ भागिले ६ चे उत्तर १३ येते, ती चूकही इथेच सुटते. सहा शतकांतून प्रत्येकाला एक शतक मिळाले. दशक एकच, तो सहा जणांना पुरत नाही, म्हणून दशकाच्या घरात शून्य. तो सोडून झालेल्या १८ सुट्ट्यांतून प्रत्येकी तीन. उत्तर १०३. बाकी भाजकापेक्षा लहानच का, हेही पाठ करावे लागत नाही. पाच-पाचचे गट करताना पाच चिंचोके उरले, तर मूल स्वतःच आणखी एक गट करते.

उरलेल्याचे करायचे काय?

३८ भागिले ४ : भागाकार ९, बाकी २. पण ३८ मुलांना एका बाकावर चार असे बसवायचे तर दहा बाक लागतात. चार रुपयांची एक अशा पेन्सिली ३८ रुपयांत नऊच येतात, दोन रुपये परत मिळतात. ३८ भाकरी चार घरांत वाटल्या तर प्रत्येकी साडेनऊ. गणित एक, उत्तरे तीन. बाकीचा अर्थ प्रसंग ठरवतो. म्हणून परीक्षेत ‘बाकी किती’ एवढ्यावर न थांबता ‘बाकी कशाची’ हेही विचारले पाहिजे.

वेळ कुठून आणायचा?

दोन शिक्षकांवर चालणाऱ्या शाळेत हा प्रश्न खरा आहे. पण तेच उदाहरण पुन्हा पुन्हा शिकवण्यातही वेळ जातो, आणि साहित्य हाती असले की एक गट काम करताना शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे वळू शकतो. मुले कायम तुराट्याच मोजत बसतील ही भीतीही रास्त. म्हणून वस्तूनंतर वहीत गठ्ठ्यांचे चित्र आणि मग अंक, हा क्रम सोडू नये. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही अनुभव, भाषा, चित्र आणि चिन्ह हाच क्रम आहे.

मेख पुढे आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’चा भर तिसरीपर्यंतच्या पायाभूत कौशल्यांवर आहे. मोठ्या संख्यांचा भागाकार येतो त्यानंतर, आणि नेमके तेव्हाच साहित्य अनेकदा कपाटात जाते. ते चौथी-पाचवीच्या वर्गातही बाहेर राहायला हवे. त्यासाठी निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. तुराट्या बांधावर आहेत, चिंचोके झाडाखाली. हवी आहे ती वेळापत्रकातली जागा.